चराईचे संशोधन कुंपणाच्या पलीकडे जावे

संपादक महोदय,

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्ताने, चराईच्या अभ्यासाने पुढे कोणते प्रश्न हाती घ्यावेत याविषयी लिहीत आहे.

आजवर कुंपण घालून राखलेली जमीन आणि चरलेली जमीन यांची तुलना करण्यावर मोठा भर राहिला. ती आवश्यकच आहे. परंतु जनावरे कोणत्या ऋतूत आली आणि गवताला किती उसंत मिळाली, हे तिच्यातून कळत नाही, आणि खरा फरक तर तिथेच पडतो. गवताचा वाढता कोंब बहुधा जमिनीलगत असल्याने वरची पाती खाल्ली तरी फुटवा येतो; तोच कोवळा फुटवा पुन्हा पुन्हा खुडला गेला, तर मुळे खंगत जातात. परिसंस्थांचे अभ्यासक सॅम्युएल मॅकनॉटन यांनी १९७९ मध्ये, पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटी या गवताळ प्रदेशातील अभ्यासाच्या आधारे, मध्यम चराईमुळे गवताची वाढ उलट जोमाने होऊ शकते असे मांडले. त्यावरचा वाद मिटलेला नाही, कारण ओलावा, मातीतील नत्र आणि त्या भूमीवरील चराईचा इतिहास यांनुसार उत्तर बदलते.

म्हणूनच दुष्काळाची वर्षेही सामावतील इतके दीर्घ प्रयोग हवेत. गळ्यात बांधलेला जीपीएस पट्टा जनावर कुठे गेले ते सांगतो, काय खाल्ले ते नाही. त्यासाठी शेणातील डीएनएची तपासणी जोडावी लागेल. कळप कधी हलवायचा हे पिढ्यान्पिढ्या ठरवत आलेल्या पशुपालकांना केवळ माहिती पुरवणारे न मानता प्रयोगाच्या आखणीतच सहभागी करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

– एक वाचक