अर्थमंत्री मॅडम, जुने शेअर सांभाळून ठेवले ही चूक झाली का?

माननीय केंद्रीय अर्थमंत्री मॅडम,
सादर नमस्कार.

टॅक्स कमी करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. टॅक्स भरला, वेळेत भरला. तक्रार आहे ती भरण्याआधी जी कारकुनी करावी लागते तिच्याबद्दल.

माझ्या वडिलांनी नोकरीत असताना थोडे थोडे शेअर घेतले, म्युच्युअल फंडात एसआयपी चालवली, ट्रेडिंगच्या वाटेला कधी गेले नाहीत. आता वय झालं म्हणून हळूहळू विकतायत आणि त्यांचं रिटर्न मी भरतो. मागच्या खेपेला आयटीआर-२ या रिटर्न फॉर्ममधलं शेड्यूल ११२ए, म्हणजे वर्षाहून जास्त ठेवलेले शेअर आणि फंड विकून झालेल्या नफ्याचा तक्ता, भरायला बसलो आणि चार रविवार गेले. एका फंडात ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची आठ वर्षांची एसआयपी, म्हणजे ९६ हप्ते, प्रत्येक हप्त्याचा भाव वेगळा म्हणून प्रत्येकाचा हिशोब वेगळा, आणि असे फंड तीन. शेअर वेगळेच.

गंमत बघा मॅडम. जो माणूस दिवसात पन्नास वेळा घेतो-विकतो त्याला इंट्राडेची उलाढाल, नफा-तोटा असे मोजके आकडे टाकून मोकळं होता येतं. शॉर्ट टर्मवाल्यालाही (वर्षाच्या आत विकणाऱ्याला) एकूण विक्री, एकूण खरेदी पुरते. २०१८ च्या जानेवारीनंतर घेऊन वर्षभर ठेवलेले शेअर असतील तर तेही एका ओळीत एकत्र दाखवता येतात, आयएसआयएनच्या, म्हणजे प्रत्येक शेअरच्या ओळख क्रमांकाच्या, जागी चक्क 'गरज नाही' अशा अर्थाचा कोड टाकून. आणि ज्याने २०१० साली घेतले आणि गप्प बसून राहिला, म्हणजे तुम्ही लोक भाषणात ज्याला आदर्श गुंतवणूकदार म्हणता तो, त्याने मात्र कंपनीवार सगळं लिहायचं. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने खुलासाही केला होता की कंपनीवार तपशील फक्त या जुन्या शेअरांसाठी हवेत. म्हणजे हे चुकून झालेलं नाही, ठरवून आहे.

का हवेत तेही समजतं. २०१८ च्या बजेटमध्ये लाँग टर्म गेनवर (वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरांच्या नफ्यावर) टॅक्स परत आला तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतचा नफा माफ ठेवला, ही सवलत चांगलीच होती, आम्हाला तिचा फायदाच झाला. ती नीट घेतली की नाही हे तपासायचं तर ओळ न् ओळ हवी. बरोबर. पण तपासणीचं ओझं सत्तरीतल्या माणसाच्या एक्सेल शीटवर का?

सूत्र दिसायला सोपं आहे. ३१ जानेवारी २०१८ चा सर्वात वरचा भाव आणि विक्रीचा भाव यातला कमी तो घ्यायचा, मग तो आणि मूळ खरेदी यातला जास्त तो खर्च धरायचा. शेअर १०० ला घेतला, २०१८ चा भाव ३००, विकला ४०० ला, तर नफा १०० चा. आता मधल्या काळात १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर फुटून २ रुपयांचे पाच झाले असतील तर २०१८ च्या भावांच्या जुन्या यादीत भाव दिसतो १५००, त्याला पाचने भागायचं हे आपणच लक्षात ठेवायचं. नाही ठेवलं तर ४०० आणि १५०० मधला कमी ४००, नफा शून्य, टॅक्स शून्य! माणूस खूश, आणि पुढे कधीतरी नोटीस. शिवाय शेअर असा फुटला, म्हणजे स्प्लिट झाला, की आयएसआयएन बदलतो, म्हणजे डिमॅटमध्ये जो नंबर दिसतो तो २०१८ च्या यादीत सापडतच नाही. त्यात २०१८ नंतर बोनस (कंपनीने फुकट दिलेले शेअर) आला असेल तर त्या शेअरांचा खर्च शून्य, आणि विकताना आधी आलेला आधी गेला हा नियम. मी इंजिनियर आहे तरी दोनदा चुकलो. ब्रोकरच्या रिपोर्टवर विसंबावं तर जुन्या ब्रोकरकडून डिमॅट हलवलं होतं, म्हणून खरेदीच्या कॉलममध्ये सरळ शून्य.

एआयएस, म्हणजे आयकर विभाग आपल्या व्यवहारांची जी वार्षिक यादी दाखवतो ती, आल्यावर वाटलं होतं सुटलो. विक्रीची प्रत्येक नोंद तिथे दिसते खरी, पण डिपॉझिटरीने (डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेने) दिलेली रक्कम दिवसाच्या बंद भावावरून अंदाजे धरलेली असते, आणि आपण विकलं सकाळी साडेदहाला, त्यामुळे ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटशी, म्हणजे सौद्याच्या पावतीशी, आकडा जुळत नाही. मग ती तफावत कुठून आली हे बघत बसा. त्यातून २०२४-२५ हे वर्ष मधोमध कापलेलं, २३ जुलैच्या आधी १० टक्के टॅक्स, मग साडेबारा, म्हणजे प्रत्येक विक्रीची तारीख बघून दोन ढीग करायचे.

आणि एक आकडा चालतो हे तुम्हीच दाखवून दिलंय! करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून आयटीआर-१ या साध्या फॉर्ममध्ये सव्वा लाखापर्यंतचा हा लाँग टर्म गेन दाखवता येतो, तिथे एकूण विक्री, एकूण खर्च, नफा, बस. तेच जुने शेअर, तेच सूत्र. नफा सव्वा लाखाच्या वर एक रुपया गेला की कंपनीवार शेड्यूल. टॅक्स त्या एका रुपयावर आणि कारकुनी सगळ्या शेअरांची, हे काय गणित आहे?

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आणलात, कलमं कमी केली, भाषा सोपी केली. आता फॉर्मकडेही बघा. जुन्या शेअरांचीही बेरीज आणि सोबत डिपॉझिटरी किंवा फंडाचं स्टेटमेंट जोडलेलं चालू दे, शंका आली तर मागा ओळी, देऊ. स्प्लिट-बोनस धरून सुधारलेले २०१८ चे भाव आजच्या आयएसआयएनप्रमाणे विभागानेच जाहीर करावेत, म्हणजे प्रत्येक घरात तोच भागाकार नको. आणि एआयएसमध्ये अंदाज नको, ज्या भावाला सौदा झाला तो भाव यावा, एक्सचेंजकडे तो असतोच की.

वडिलांच्या अजून अकरा कंपन्या विकायच्या बाकी आहेत. ते मला दरवेळी विचारतात, 'यंदा विकू का रे, तुला त्रास होईल का?' आणि मी म्हणतो, पुढच्या वर्षी बघू.

आपला,
वडिलांचं रिटर्न भरणारा एक करदाता