लांडगा दिसला तर पळू नका

महोदय,

आमच्या म्हसवड परिसरातल्या माळावर फिरणाऱ्या लांडग्याचा व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरतोय आणि गोष्ट ‘मारा त्याला’ इथवर गेली आहे. माण तालुक्याच्या माळाला लांडगा काय नवा आहे? मेंढपाळ रात्री कळपाभोवती वाघर (जाळीचं कुंपण) लावून, कुत्री सोडून जागतात ते त्याच्यासाठीच. आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे, मारणारा थेट तुरुंगात जाईल.

गेल्या महिन्यात पहाटे मलाही एक आडवा आला, वीसेक पावलांवर. पाय लटपटले, खोटं कशाला बोलू! पण पाठ फिरवली नाही. काठी आपटून ओरडलो, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरकलो. तो ओढ्यात उतरून गेला. धडधाकट लांडगा माणसाला टाळतोच. भ्यायचं ते भरदिवसा वस्तीत घुसून दिसेल त्याला चावत सुटणाऱ्याला. तो पिसाळलेला असण्याची शक्यता मोठी. तसा चावा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, आणि तडक दवाखाना गाठा. खोल जखमेला नुसती रेबीजची लस पुरत नाही, इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला लगेच रोखणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. ते प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात कायम शिल्लक असावं, एवढी मागणी आपल्या दैनिकातून पोचावी. वन विभागाला कळवायचा क्रमांक १९२६.

– एक वाचक, म्हसवड (जि. सातारा)