रांगेत मागे सरकलेल्या काकांना

आदरणीय काका,

सलाम.

समोर येऊन आभार मानले असते तर "हे काय ओ ताई" म्हणत तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

उन्हाळ्यात सोलापुरातल्या आमच्या गल्लीचा बोअर आटला. उजनी धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येणार, तेही चार-पाच दिवसांनी आणि बरेचदा अपरात्री. मतं मागायला उंबरे झिजवणाऱ्यांचे फोन लागेनात. एकदा टँकर आला, त्यावर साहेबांचा फोटो टँकरच्याच मापाचा, आणि तो थांबला ओळखीच्या दारांपुढे. त्याच सुमारास एका 'पाणी वाचवा' कार्यक्रमाला गेले, तर व्यासपीठावर अर्ध्या पिऊन टाकलेल्या बाटल्यांची ओळ!

मग तुमच्या चर्चच्या मंडळीनं तिथल्या बोअरवर सगळ्या गल्लीला पाणी भरू दिलं. कुणाची बैठक झाली, कुणी होकार दिला, मला ठाऊक नाही. एवढं आठवतं की माझ्या कडेवर मूल होतं आणि हातात दोन घागरी. तुमचा नंबर लागला होता. तुम्ही काही न बोलता आपली कळशी उचललीत आणि माझ्या मागे नेऊन ठेवलीत. आवार तुमचं, बोअर तुमचा, आणि तुम्ही माझ्या मागे उभे. नंतर पाहिलं तर तुमची बाकीची माणसंही तशीच मागे सरकत होती.

"चर्चमधलं पाणी भरता?" असं विचारणारेही भेटले. त्यांच्या घरचा बोअर चालू होता, हे सांगायला नको.

रांगेत उभ्या उभ्या तुमच्याकडून किती ऐकलं! बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, हे मला चर्चच्या आवारात नीट कळलं, आणि सांगणारे तुम्ही. देवानं माणसाला एदेन बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला, हेही तुम्हीच सांगितलंत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पर्यावरणावर पत्रक काढलं. त्यात पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, लागेल तेवढंच शिजवा, असल्या रोजच्या गोष्टी आहेत म्हणालात. "आम्ही त्यांच्या पंथाचे नाही, पण पटतं की ओ!" आणि उपासनेनंतर चहाचे स्टीलचे कप धुतलेलं पाणी मावशी बादलीत धरून फाटकाजवळच्या लिंबाला घालायच्या, तेव्हा कुणी भाषण करत नव्हतं.

अशी माणसं सगळ्याच आळ्यांत असतात. आमच्याकडे फलक लावणारे जास्त दिसतात, एवढंच.

चर्चच्या छताचं पावसाचं पाणी बोअरमध्ये जिरवायचं, असं तुम्ही बोलला होता. मृगाच्या आत खड्डा घेऊ. आमच्या गल्लीतले चौघे तयार आहेत, टिकाव-फावडी आमची. खडी-वाळू कुठून आणायची तेवढं सांगा.

तुमची,
मागच्या गल्लीतली ताई