६४१ सापडला रे

प्रिय मध्या,

दोन वर्षं झाली तुला पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील. तब्येत ठीक आहे, बीपीची गोळी चालू आहे, बस.

काल रात्री ती संख्या फुटली, म्हणजे तिचा विभाजक सापडला, ४,२९,४९,६७,२९७. आपलीच. २ चा ३२वा घात अधिक १. आठवतं ना, २ चा १ला, २रा, ४था, ८वा, १६वा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला की येणाऱ्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळसंख्या निघाल्यावर मी म्हणालो होतो पुढची पण मूळच असणार, आणि तू म्हणालास पाच जमल्या म्हणून सहावी जमतेच कशावरून? ३११ पर्यंत भागून झालं आणि मी कॅल्क्युलेटर हिसकावून घेतला. तू महिनाभर बोलला नाहीस, माझी पट्टी पण परत दिली नाहीस, ती अजून तुझ्याकडेच आहे.

अरे, ३११ नंतरच्या ५२व्या मूळसंख्येने भाग जातो! ६४१ गुणिले ६७,००,४१७. तुला थांबवलं नसतं तर त्याच दिवशी मिळालं असतं, हे रात्रभर डोक्यातून जात नाहीये.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञानेही अशा सगळ्या संख्या मूळ असतील असंच धरलं होतं, १६४० मध्ये पत्रात लिहिलं होतं. ऑयलर या गणितज्ञाने आपली ही सहावी १७३२ मध्ये फोडली. विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवूनच येणार हे कळलं की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१, संपलं. आपण प्रत्येक मूळसंख्येने भागत बसलो होतो.

पण भागाकार न करताही दिसतं बघ. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून ५ गुणिले २ चा सातवा घात, त्याला ६४१ ने भागलं की बाकी उणे १. चौथा घात घे, बाकी १. आता त्यातल्या ६२५ च्या (५ चा चौथा घात) जागी दुसऱ्यावरून उणे १६ ठेव, उणे २ चा ३२वा घात उरतो, बाकी तीच १. म्हणजे त्या घातात १ मिळवला की बाकी शून्य! मी वहीवर तीनदा लिहून काढलं, हात थरथरत होता.

आता खरी अडचण ऐक. ३ ला शून्यावा क्रमांक दिला तर आपली ही ५वी. त्यापुढच्याही, ३२व्या क्रमांकापर्यंतच्या (तिच्यात २ चा जो घात आहे तो स्वतःच २ चा ३२वा घात) सगळ्या फुटतात हे सिद्ध झालंय (२०व्या आणि २४व्या क्रमांकाच्या फुटतात हे नक्की, पण एकही विभाजक कुणाला सापडलेला नाही, हे कसं सहन करायचं). ३३व्या क्रमांकाचीला अडीच अब्जाहून जास्त अंक आहेत, तिचं काहीच ठरलेलं नाही. आणि माझं मन म्हणतंय की पुढे मूळ एकही नाही. मध्या, मी परत तेच करतोय ना रे? तेव्हा पाचांवरून, आता अठ्ठावीसांवरून. तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही.

नवी नोकरी कशी आहे? काकांचा गुडघा? पोरगी आता चालायला लागली असेल.

वहीचं पान सोबत पाठवतोय, तिसरी ओळ तपास, तिथे चिन्ह चुकतं का बघ.

तुझा,
विन्या