आप्पांच्या अक्षरांची दुसरी कॉपी

चि. सायली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल "लॅपटॉप चालूच होईना" एवढं बोलून तू गप्प झालीस आणि आईनं फोन घेतला. राहिलेलं लिहितोय. रागावून नाही. एवढंच विचारायचंय, आप्पांनी रंगवलेल्या पाट्यांवरच्या अक्षरांचा तू जो फॉन्ट करतेयस, त्याची दुसरी कॉपी कुठं आहे?

आधी तातडीचं. सारखं बटण दाबून बघू नकोस. दुरुस्तीवाल्याला विंडोज नव्यानं टाकू देऊ नकोस. जुनी हार्ड डिस्क जाण्याआधी कटकट वाजायची, तुझ्यातली एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, मुकाट्यानं जाते. आणि एकदा फॉरमॅट केली की ट्रिम नावाची तिची आतली सफाई डेटा पुसून टाकते, मग तो परत मिळणं जवळजवळ अशक्य. पण कित्येकदा डिस्क धड असते आणि बिघाड बोर्डात किंवा चार्जिंगमध्ये असतो. डिस्क निघण्यासारखी असली तर यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, घालून दुसऱ्या मशीनला लावायला सांग. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मागेल, ती तुझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बघ.

गूगल ड्राइव्हवर असेल म्हणालीस. 'असेल'नं भागत नाही गं. सिंक म्हणजे कॉपी नव्हे. लॅपटॉपवर चुकून उडवलं की तिथूनही उडतं, ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतं आणि संपलं. फुकटची जागा 15 जीबी, त्यात जीमेल आणि फोटोही आले. ती भरली की नवीन काही चढत नाही. आप्पांच्या पाट्यांचे 600 डीपीआयचे टिफ स्कॅन त्यात मावले होते का?

माझ्याकडं तू पाठवलेली ओटीएफ, म्हणजे तयार फॉन्टची फाइल, आहे, पण ती भाजलेली वीट. वेलांटी कुठं टेकायची, अनुस्वार कुठं बसवायचा त्याचे अँकर, जोडाक्षरांचे नियम, अर्धवट अक्षरं, ही सगळी माती सोर्स फाइलमध्ये. रोमनचं शेदोनशे आकारांत निभावतं, देवनागरीला कित्येक शे लागतात. 'दुसऱ्या'तला तो आडवा र, हिंदीहून वेगळे आपले ल आणि श. 'कोल्हापूर' लिहिताना आप्पा ल्हचा ह किंचित खाली सोडायचे, ते तुझ्या फॉन्टमध्ये दिसलं तेव्हा मी दुकानातल्या सगळ्यांना स्क्रीन दाखवली. फ्लेक्स आल्यावर गल्लीतले ब्रश वाळून गेले. तू त्याच कॉम्प्युटरवर आप्पांचा हात परत आणलास.

म्हणूनच जीव खाली-वर होतो. 2019 च्या पुरात शाहूपुरीतल्या दुकानात आप्पांच्या ट्रेसिंगचा गठ्ठा भिजून लगदा झाला. मूळ आता नाहीच, तुझे स्कॅन हेच मूळ. 1948 ला आपल्या कोल्हापुरातला जयप्रभा फिल्म स्टुडिओ जाळला गेला, तो दिवस आप्पा किती वेळा सांगायचे. तेव्हा माणसांना दुसरी कॉपी करणं परवडायचं नाही. आपल्याला परवडतं.

तीन कॉप्या, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. एक्स्टर्नल हार्ड डिस्क घे, पैसे पाठवतो. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला नको, वीज न मिळाल्यास आतला चार्ज हळूहळू उतरतो. दर रविवारी फोल्डरला तारीख घालून कॉपी कर आणि डिस्क लगेच काढून ठेव. लावून ठेवली तर व्हायरस तिच्यातही शिरतो. महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल उघडून बघ. न उघडलेली कॉपी धरायची नाही.

झालं माझं भाषण सुरू. माफ कर. तू जेवलीस का हेही विचारलं नाही. आई म्हणते, पोरीचे चार महिने गेलेत आणि तुम्ही डिस्क डिस्क काय करताय. खरं आहे तिचं. गेलंच असलं तरी तुझा हात गेलेला नाही. पण दुसरी कॉपी असली तर आजच सांग, रात्रीही चालेल.

दिवाळीला येताना डिस्क घेऊन ये. दुकानात नको, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, वर गेलं की आमची झोप उडते. गारगोटीला मामाकडं ठेवू.

'ळ'चा उजवा फुगा तुला पटत नव्हता. जमला होता का शेवटी?

तुझे,
बाबा