सावळ्या गालांवरचे लेझर

महोदय,

लग्नसराई जवळ आली की आमच्या इंदुरात ‘एका बैठकीत खड्डे गायब’ अशा चेहऱ्याच्या लेझर-उपचाराच्या पाट्या झळकू लागतात. माझी भाची गेल्या वर्षी त्यालाच भुलली. मुरुमांचे खड्डे जरा भरले, पण दोन्ही गालांवर चौकटीत आखल्यासारखे तपकिरी ठिपके उठले. ते फिकट व्हायला आठ महिने लागले. लग्नाच्या फोटोंत जाड मेकअपच दिसतो.

सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी चटकन चिडतात. म्हणून वरचा थर जाळणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरने डाग पडण्याची भीती जास्त. सुयांचे मायक्रोनीडलिंग त्या मानाने सौम्य, पण महिन्या-महिन्याने तीन-चार बैठका हव्यात. टाचणीने टोचल्यासारख्या खोल खड्ड्यांना तेही पुरत नाही. तिथे टीसीए या त्वचा सोलणाऱ्या तीव्र आम्लाचा थेंब काडीने नेमका खड्ड्यातच टेकवतात. पसरट, आत ओढलेल्या खड्ड्यांचे खालचे तंतू सुईने सोडवावे लागतात. सनस्क्रीन मात्र सगळ्यांनाच.

भाचीला तिथे कुणी एवढेही विचारले नाही, की डास चावला तरी तुला काळा डाग राहतो का? हा प्रश्न फुकट आहे. मशीन सुरू करण्याआधी तो विचारायची सक्ती असावी.

– एक वाचक, रामबाग, इंदूर