‘निम्मा’ म्हणजे कितीचा निम्मा?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, नव्या औषधाच्या बातमीचं कात्रण मिळालं, आणि आई, तू पाठवलेला पांढऱ्या कोटातल्या माणसाचा गोळ्यांचा व्हिडिओही. तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव तेवढं तुमच्या कात्रीत गेलंय. ‘स्मृतिभ्रंशाचा धोका निम्म्यावर’ या मथळ्याखाली तुम्ही लाल रेघ मारलीत, पण ती पाचव्या परिच्छेदात हवी होती. तिथे हळूच सांगून टाकलंय की प्रयोग उंदरांवर झाला. उंदरांना लागू पडलेल्या औषधांपैकी फार थोडी माणसाच्या उपयोगी पडतात.

आणि निम्मा म्हणजे कितीचा निम्मा? जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेत तुम्ही, मूळ रक्कम न विचारता टक्केवारी कधी मान्य केलीत का? १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा निघाला, की नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. बायका धास्तावल्या, कित्येकींनी गोळ्या सोडल्या आणि गर्भपात वाढले. प्रत्यक्षात जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार बायकांत एकीला गुठळीचा त्रास व्हायचा, नव्या गोळ्यांनी दोघींना. दुप्पट खरंच, पण सात हजारांत एकच जास्त. त्यात गर्भारपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो, हे कुणी मथळ्यात घातलं नाही.

आई, त्या व्हिडिओतल्या गोळ्यांबद्दल तू म्हणतेस, “एवढ्या लोकांना गुण आला, ते काय खोटं बोलतात?” खोटं नसतील बोलत. पण गुण गोळीमुळेच आला, हे कसं ठरवायचं? ज्यांच्या आहारात बीटा-कॅरोटिन (गाजरासारख्या भाज्या-फळांतलं नारंगी द्रव्य) भरपूर, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं पाहण्यांत दिसायचं. मग त्याची गोळीच द्यावी, असं कुणालाही वाटेल. फिनलंडमध्ये धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटले. काहींना बीटा-कॅरोटिन, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! भाज्या-फळं खाणारा माणूस बहुधा इतर बाबतीतही तब्येत सांभाळतो, ते श्रेय आपण एकट्या बीटा-कॅरोटिनला देऊन मोकळे होतो. म्हणून कुठलीही बातमी आली की मी आधी बघते, तुलना कुणाशी केली आणि गट कसे पाडले.

नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं म्हणूनही भुलू नका. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा लेख १९९८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आला, अवघ्या १२ मुलांवरून. तो मागे घ्यायला २०१० उजाडलं, आणि भीती अजून फिरतेच आहे. एकट्यादुकट्या अभ्यासापेक्षा, एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास चाळणारे ‘कॉक्रेन’ या संस्थेचे आढावे बरे. त्यांचे सोप्या भाषेतले सारांश असतात. बाबांना ते आवडतील, थोडे रुक्ष आहेत पण.

पांढऱ्या कोटातल्या त्या व्हिडिओवाल्याबद्दल एकच सांगते. तो बोलतो ते ऐकण्याआधी खाली बघा, बाटली विकत घ्यायची लिंक तिथेच आहे. त्याच्या नादाने, आई, रक्तदाबाची गोळी बंद करू नकोस. त्याचं म्हणणं पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे ठेव, आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर ने, त्या आयुर्वेदिक चूर्णासकट. ते त्यांना अजून सांगितलेलं नाहीस, हे मला बाबांकडून कळलंय.

तुमची,
लेक